ओगराळंभर दव

मित्रांनो, मी जमिनीचा एक तुकडा आहे. लोखंडी पिंपात बसवलेला आणि तराजूवर ठेवलेला. अशा गोष्टीत आधी आपली ओळख करून द्यायची असते, ती मी दिली. आता दुसरी गोष्टही लगेच सांगून टाकतो. मला राग आलेला आहे. जुन्या छत्रीला किंवा फाटक्या पुस्तकाला येतो तसला हळवा रुसवा नव्हे, चांगला सणसणीत राग. तो या गोष्टीच्या शेवटपर्यंत राहणार आहे, तेव्हा माझी समजूत घालायच्या भानगडीत पडू नका.

माझा जन्म कधी झाला ते मला सांगता येणार नाही. जमीन जन्मत नाही, साचत जाते. वाऱ्यानं आणलेली धूळ, मेलेलं गवत, शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या, घोड्यांची लीद, वितळलेला बर्फ, असं साचत साचत मी झालो. बुर्गास्तायच्या खोऱ्यात, झऱ्याच्या जरा वरच्या उतारावर. त्या काळी मी वेगळा असा कुणी नव्हतोच. मी कुठे संपतो आणि शेजारची माती कुठे सुरू होते हे मलाही माहीत नव्हतं. खालून झऱ्याची ओल यायची, वरून कधीमधी पाऊस. गवत त्याला हवं तेवढं प्यायचं आणि उरलेलं पाणी ऊनवारा उचलून परत आभाळात न्यायचे. आभाळाचं, पाण्याचं आणि आमचं असं देणंघेणं अखंड चालायचं. त्यात कुणी कुणाला टोपी घातल्याचं मला आठवत नाही.

दर वर्षी वसंत संपता संपता सेवजिदचं बिऱ्हाड आपला गेर, म्हणजे लोकरीचा गोल तंबू, घेऊन झऱ्याकाठी यायचं. गवत पिवळं पडून थंडी झोंबायला लागली की हिवाळी तळावर निघून जायचं. सेवजिद म्हणजे त्या घरातली आजी. अंगानं बुटकी, तोंडानं फटकळ. निघताना ती घोडे बांधायचे खुंट उपटायची आणि एकेक भोक हातानं माती भरून बुजवायची. तिचे बूटही पुढून वर वळलेले होते, चालताना टोक जमिनीला रुतू नये म्हणून. तिचा मुलगा योंदोन तिला हसायचा. "आई, जमिनीला गुदगुल्या होत नाहीत गं," म्हणायचा. ती म्हणायची, "तुला विचारून होतात का?"

मग एका उन्हाळ्यात शहरातून तीन मालमोटारी आल्या. एकीत यारी होती, एकीत माझं हे पिंप होतं, आणि तिसरीतून प्राध्यापक गोंचिग उतरले. उंच, गोरे, डोक्याला रुंद टोपी, आवाज असा की समोर दोन माणसं असली तरी सभेत बोलल्यासारखा. त्यांनी उतारावर इकडेतिकडे फिरून पाहिलं, माझ्यावर उभे राहिले आणि टाच आपटून म्हणाले, "इथंच."

सेवजिद दूध काढायचं टाकून तशीच आली. हात ओले, देलच्या, म्हणजे अंगातल्या लांब झग्याच्या, बाह्या वर खोचलेल्या.

"काय चाललंय इथं?"

"संशोधन, आजी."

"ते दिसतंय. खणताय कशाला?"

"खणत नाही आहोत, नमुना घेतोय. ही माती आभाळाकडून किती पाणी घेते आणि किती परत देते, ते आम्हाला बघायचंय."

"मग बघा की. डोळे दिलेत ना देवानं?"

"नुसतं बघून कळत नाही. वजन करावं लागतं."

"जमिनीचं वजन!" सेवजिदनं मागं वळून हाक मारली. "योंदोन, ऐकलंस का रे? उद्या आभाळाची उंची मोजायला शिडी आणतील हे."

योंदोन घोड्यावरून खाली न उतरताच म्हणाला, "आई, परवानगी आहे त्यांच्याकडे. कशाला वाद घालतेस?"

"परवानगी दिली कुणी? हिनं दिली?" तिनं माझ्याकडे बोट केलं. गोंचिगसर हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाच्या बोलण्याला हसतात तसे हसले. मला तेच जास्त लागलं.

मग त्यांनी मला कापलं. मीटरभर रुंदीचं ते बिनबुडाचं पिंप माझ्यावर उभं करून यंत्रानं दाबत दाबत खाली नेलं. मुळं तुटतात तेव्हा आवाज होतो, मित्रांनो. कापड फाटल्यासारखा, पण ओला. भोवतीनं खणून खालून लोखंडी पत्रा सरकवला, यारीनं मला उचललं आणि मी पहिल्यांदा हवेत लोंबकळलो. खड्ड्यात तराजू बसवून त्यांनी मला परत तिथंच, गवताला गवत लागेल असं ठेवलं. लांबून बघणाऱ्याला काही झालंय असं वाटूही नये. पण माझ्या आणि माझ्या खोऱ्याच्या मधे आता बोटभर फट आहे आणि खाली पत्रा आहे. झऱ्याची ओल पत्र्यापर्यंत येते आणि थांबते. तेव्हापासून ती मला लागलेली नाही.

भोवती तारेचं कुंपण पडलं, जनावरांनी चरू नये म्हणून. बाजूला एक पाऊस मोजायचं भांडं आणि वाऱ्यावर गरगरणारे कप बसवलेला खांब उभा राहिला. मालमोटारी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर येत असताना सेवजिद आली. एका हातात चहाचं भांडं, एका हातात लांब दांड्याचं ओगराळं. सकाळच्या दुधाच्या, मिठाच्या चहाचा पहिला वाटा त्या खोऱ्यात कुणी पीत नाही. तो आभाळाला आणि जमिनीला जातो. तिनं चार दिशांना थेंब उडवले. मग कुंपणाच्या तारांमधून हात घालून भरलेलं ओगराळं माझ्यावर ओतलं.

"त्यांना अक्कल नाही," ती म्हणाली. "तू मनावर घेऊ नकोस."

मी मनावर घेतलं होतं. पण चहा गरम होता, आणि त्या दिवसांत माझ्याशी दुसरं कुणी बोललं नव्हतं.

ती रोज येऊ लागली. बिऱ्हाड झऱ्यावर असेपर्यंत एक सकाळ चुकवली नाही तिनं. ताप असला तर देल डोक्यावरून ओढून यायची. एकच ओगराळं, तेवढंच. जखमेची माफी मागायची तिची ती रीत होती. जखम करणाऱ्यांनी मागितली नाही, म्हणून तिनं मागितली.

आता माझ्या कामाचं सांगतो. मला काम एकच, वजन देणं. दर थोड्या वेळानं तराजू माझं वजन घेतो आणि खांबावरचं यंत्र ते शहरात पाठवतं. पाऊस पडला की मी जड होतो. ऊन तापलं, वारा सुटला, गवत प्यायलं, की हलका होतो. त्यावरून आभाळानं किती दिलं आणि किती परत नेलं ते काढतात. गोंचिगसरांनी शहरात संगणकाच्या आत आमचं सगळं खोरं नव्यानं बांधलं होतं. त्याला ते प्रारूप म्हणायचे. ते खोरं म्हणे चौकोनांचं होतं. प्रत्येक चौकोनाला उतार होता, माती होती, गवत होतं, वारा होता, खाली झिरपणारं पाणी होतं. आणि प्रत्येक चौकोनातली माती कशी वागते हे ठरवलं होतं माझ्यावरून. अख्खं खोरं, डोंगराची सावली, नदीकाठची वाळू, शेळ्यांनी तुडवलेला तळ, सगळं माझ्यासारखं! मी, जो खोऱ्यापासून तोडलेला एकटाच तुकडा होतो. हे मी मनचं सांगत नाही. कुंपणाशी उभे राहून पाहुण्यांना ते हे सगळं अभिमानानं सांगायचे.

आणि मग ते दव सापडलं.

झालं असं, की रोज सूर्योदयाच्या सुमाराला माझं वजन थोडं वाढायचं. शेजारचं पावसाचं भांडं कोरडं. पाऊस नाही आणि वजन वाढलं, तर ते काय असणार? संगणकाला तसं शिकवून ठेवलेलंच होतं. तो लिहायचा, दव. आणि मीटरभर रुंदीच्या मातीवर एक ओगराळं चहा म्हणजे बरोबर तेवढंच पाणी, जेवढं एका चांगल्या रात्रीचं दव देईल. कमी नाही, जास्त नाही. कुणी बादली ओतली असती तर संगणकानं चूक म्हणून फेकून दिली असती. माणूस चढला, बकरी चढली, तरी फेकून देतो तो. मोठं खोटं त्याला कळतं. ओगराळंभर गोष्ट त्यानं निमूट गिळली.

दव कधी इतकं शिस्तीनं पडतं का हो? एक दिवस पडतं, दोन दिवस पडत नाही, ढग असले तर नाही, वारा असला तर नाही. हे रोज पडतंय, त्याच सुमाराला, तेवढंच, आणि म्हातारीचा गेर हलला की बंद होतंय. एवढी शंका एकाही शहाण्याला येऊ नये? ते मला दर थोड्या वेळानं तोलत होते. बघायला मात्र वर्षातून दोनदा यायचे, तेही दुपारी, जेवण झाल्यावर.

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण मला फक्त वजन आहे.

ते माझ्या कौतुकाचे दिवस होते. गोंचिगसरांचं नाव झालं. कोरड्या माळावरचं दव शोधणारा माणूस म्हणून त्यांना शाल-पदकं मिळाली, परदेशी पाहुणे आले, पिंपाला हदग, म्हणजे मानाचा निळा रेशमी पट्टा, बांधला, माझ्याबरोबर फोटो काढून घेतले. सेवजिदनं पाहुण्यांना वाळवलेलं दही, आरूल, आणून दिलं. सर खुशीत होते.

"आजी, तुमच्या खोऱ्यात फार दव पडतं."

"पडतं थोडंफार."

"थोडंफार? भरपूर पडतं! तुम्हाला माहीतच नाही तुम्ही किती श्रीमंत आहात ते."

"असेल बाबा," सेवजिद म्हणाली. "आरूल घे अजून. दात आहेत ना?"

पाहुणे हसले. मीही तेव्हा जमलं असतं तर हसलो असतो. पुढचं मला ठाऊक नव्हतं.

एका वर्षी हिवाळा फार क्रूर गेला. बर्फावर बर्फ गोठला, जनावरांना गवतापर्यंत तोंड नेता येईना. सेवजिदच्या निम्म्याहून जास्त शेळ्या उभ्या उभ्या मेल्या. उरलेल्यांना चालवत ते बिऱ्हाड झऱ्यावर पोचलं तेव्हा उन्हाळा अर्धा सरला होता. ती खंगली होती. तरी आल्या दिवशी सकाळी तिनं मला चहा दिला. म्हणाली, "उशीर झाला." त्या वर्षी गोंचिगसरांनी एक शोधनिबंध लिहिला. बुर्गास्तायमध्ये दवाचा हंगाम पुढे सरकला आहे, आणि त्याचं कारण बदलतं हवामान आहे. पुढच्या भेटीत कुंपणापाशी उभे राहून त्यांनी तो एका पाहुण्याला वाचून दाखवला. मी ऐकत होतो. एका बाईच्या शेळ्या मेल्या आणि त्याचं यांना दव दिसलं.

मग खाली सूमच्या, म्हणजे आमच्या तालुक्याच्या, गावात लोकर धुण्याचा कारखाना निघाला. शेळ्यांची मऊ लोकर तिथंच धुवायची, म्हणजे चांगला भाव येईल. सगळे खूश होते, योंदोन तर सगळ्यात जास्त. पण लोकर धुवायला पाणी लागतं, आणि पाणी होतं आमच्या झऱ्याला. सूमच्या लोकांनी रीतसर विचारलं, झऱ्याचं पाणी नेलं तर वरच्या गवताचं काय होईल? गोंचिगसरांनी संगणकातल्या खोऱ्याला विचारलं. त्या खोऱ्यात प्रत्येक चौकोनावर रोज सकाळी दव पडत होतं. उत्तर आलं, या गवताला आभाळच पुरेसं देतं, झऱ्याची फारशी गरज नाही.

झऱ्याला पहिला नळ लागला. मोठा, माणसाच्या मांडीएवढा. पहिल्या उन्हाळ्यात काठावरचं गवत पिवळं पडलं. दुसऱ्या उन्हाळ्यात दलदल सुकून तिला भेगा गेल्या. योंदोन शेळ्या घेऊन पाण्यासाठी नदीपर्यंत जाऊ लागला, सकाळी निघाला की दुपार टळून परत. त्याच शेळ्यांची लोकर त्याच पाण्यानं खाली गावात धुतली जात होती. योंदोन आता कारखान्याचं नाव काढलं की गप्प बसायचा. आणि मग कळलं की दुसरा नळ लावणार आहेत. दुसरा नळ लागला असता तर झऱ्यात वाटीभर पाणी राहिलं नसतं. सेवजिदच्या घराला तो तळ कायमचा सोडावा लागला असता.

"आभाळ देतं म्हणतात ते," ती एका सकाळी मला चहा देताना म्हणाली. "कुठं देतं? तुला दिसतं का?"

मित्रांनो, त्या क्षणी तिच्या हातातलं ओगराळं माझ्यावर रिकामं होत होतं, आणि शहरात संगणक लिहीत होता, दव. माझ्या अंगाचा कसा तिळपापड झाला असेल ते तुम्हीच समजून घ्या.

त्या उन्हाळ्यात मिचिद आली. गोंचिगसरांची विद्यार्थिनी, शहरात वाढलेली, मोठ्या बुटांची. कुंपणाची तार तुटल्याचं कळलं म्हणून ती एकटीच जीप घेऊन दुरुस्तीला आली होती. तार तोडली होती शेळ्यांनी. मिचिद पोचली तेव्हाही दोघी तारेत माना घालून पिंपाची कड चाटत होत्या. तिनं त्यांना हाकललं, त्या परत आल्या. पुन्हा हाकललं, पुन्हा आल्या.

"एवढं काय आहे गं इथं?" ती त्यांना म्हणाली. मग वाकून तिनं माझी चिमूटभर माती घेतली आणि जिभेवर ठेवली. खारट. तिनं शेजारची माती घेतली. ती खारट नव्हती. ती बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. इतक्या वर्षांत माझ्याकडे, माझ्या आकड्याकडे नव्हे, असं कुणी बघितलं नव्हतं.

तार बांधेपर्यंत संध्याकाळ झाली, म्हणून ती सेवजिदच्या गेरमध्येच राहिली. सकाळी दात घासत बाहेर आली, आणि समोर सेवजिद कुंपणातून हात घालून ओगराळं ओतताना दिसली. तिचा ब्रश तोंडातच राहिला.

"आजी, हे काय करताय?"

"आंधळी आहेस का? चहा देतेय."

"रोज?"

"मग? तू रोज पीत नाहीस?"

"कधीपासून?"

"तुझ्या सरांनी हिला कापली तेव्हापासून. कापून गेले, माफीचा शब्द नाही. कुणीतरी मागायला नको?"

मिचिद मटकन खाली बसली. आधी हसली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तोंडाभोवती दंतमंजनाचा फेस तसाच. तिनं सेवजिदला सगळं समजावून सांगितलं. तराजू, वजन, कोरडं भांडं, दव, संगणकातलं खोरं. सेवजिद मधे बोलली नाही. तिचं न बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं.

"म्हणजे माझा चहा तिकडं शहरात जाऊन दव झाला."

"हो."

"आणि दव भरपूर म्हणून झऱ्याला नळ लागला."

"हो, आजी."

सेवजिदनं हातातल्या ओगराळ्याकडे पाहिलं. "म्हणजे झरा मीच उचलून दिला म्हण की त्यांना."

"तुम्ही नाही, आम्ही. आमच्यापैकी एकही जण कधी सकाळी इथे आला नाही."

सेवजिद गेरकडे गेली. मिचिदनं तिथंच उभं राहून गोंचिगसरांना फोन लावला. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "सर, ते दव नाहीये. चहा आहे... चहा, सर. दुधाचा, मिठाचा... नाही सर, मी प्यायलेली नाहीये... हो, मी डोळ्यांनी बघितलं... म्हणजे सूमच्या बैठकीत हे बोलू नको म्हणताय?... बरं. मग तुमच्यासमोरच बोलते."

बैठक त्याच आठवड्यात होती, दुसऱ्या नळाची. मिचिद गावात गेली आणि तिनं सभेच्या भिंतीवर माझं वजन येईल तसं दिसत राहील असं लावलं, संगणक त्याला काय म्हणतो तेही. इकडं कुंपणापाशी चहानं भरलेलं ओगराळं घेतलेली सेवजिद आणि योंदोन उभे होते. योंदोनच्या हातात सभेशी जोडलेला फोन होता, आवाज मोठा करून ठेवलेला. भर दुपार होती. ऊन असं की गवताच्या पातीवर थेंब ठेवला तर उडून जाईल.

मिचिदनं सांगायला सुरुवात केली आणि फोनमधून हशा फुटला. कुणीतरी ओरडलं, "चहाचं दव! उद्या घोडीच्या आंबट दुधाचा, आइरागचा, पाऊस पाडा, आम्ही भांडी घेऊन येतो!" मग गोंचिगसरांचा आवाज आला. शांत, समजुतीचा.

"मुलगी हुशार आहे, पण अननुभवी आहे. यंत्र अशी लुडबुड ओळखतं. माणूस किंवा जनावर चढलं तर ती नोंद आपोआप बाद होते."

"माणूस बाद होतो, सर," मिचिद म्हणाली. "ओगराळं होत नाही. भिंतीकडे बघा सगळ्यांनी. आजी, ओता."

सेवजिद हलली नाही.

"आई, ओत ना," योंदोन म्हणाला.

"नाही."

"अगं, सगळे बघतायत!"

"म्हणूनच नाही. माफी काय तमाशा आहे का रे लोकांना दाखवायचा?"

फोनमध्ये पुन्हा हसण्याचा आवाज झाला. "आजी, आहात ना?" मिचिदनं विचारलं. योंदोननं आईकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "झरा जाईल, आई."

सेवजिदनं मान वळवून खाली भेगाळलेल्या दलदलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. रागानं तिचा चेहरा आक्रसला होता, आणि तो राग मला ओळखीचा होता.

"ही माफी तुझी नाही," ती मला म्हणाली. "तुझी मी सकाळी दिली. ही त्यांच्या तोंडावर आहे."

आणि तिनं ओगराळं ओतलं.

फोनमध्ये खुर्च्या सरकल्या. मग एका म्हाताऱ्याचा आवाज आला, भिंतीवरचं अक्षर अक्षर लावून वाचणारा. "द... व. दव पडलं म्हणतंय की हे."

"आत्ता? या उन्हात?"

कुणी हसलं नाही. योंदोननं ओरडून विचारलं, "अजून एक ओतू का?" सेवजिदनं त्याच्या हातातून फोन घेतला. "पुरे," ती म्हणाली. "तेवढ्यात कळत नसेल तर घागर ओतली तरी कळायचं नाही." फोन कसा बंद करतात ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं तो गवतात ठेवला आणि निघून गेली.

दुसरा नळ त्या दिवशी नामंजूर झाला. तुम्हाला वाटेल आता माझा राग गेला असेल. का जावा? पहिला नळ तसाच आहे, कारण म्हणे करार झालेला आहे. गोंचिगसरांनी मिचिदची पाठ थोपटली आणि यंत्राच्या परिसरात मानवी हस्तक्षेप आढळला असं कुठंसं कळवलं. मग माणसं पाठवून माझ्याभोवती उंच, दाट जाळीचं कुंपण घातलं आणि फळी लावली, 'आत काहीही ओतू नये.' बघा म्हणजे. एवढं होऊन त्यांनी बंद काय केलं, तर माफी! ती का मागितली जात होती, हे विचारायला त्यांच्यातलं कुणी गेरपर्यंत चालत गेलं नाही.

फळीला सेवजिदनं भीक घातली नसती, जाळीतूनही चहा ओतला असता. पण पानं पिवळी व्हायच्या सुमाराला मिचिद पुन्हा आली आणि तिच्याशेजारी गवतात बसून म्हणाली, "आजी, मी खोरं नव्यानं मांडतेय. यावेळी खरं. पहिला नळ काढायला लावायचा तर निदान दोन-तीन उन्हाळे माझ्याकडे खरी वजनं हवीत. ह्याच्यावर आता चहा नका ओतू."

"एक थेंबही?"

"एक थेंबही."

"आणि हिला परत जमिनीला कधी जोडणार?"

"नळ निघाला की मी स्वतः येऊन पिंप कापीन."

सेवजिदनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग फक्त "बरं" म्हणाली.

म्हणजे झरा परत मिळवायचा तर माझी तेवढी एक गोष्ट बंद व्हायला हवी होती. ती झाली. मला समजतं, मी काही मूर्ख नाही. पण समजलं म्हणून राग जात नसतो.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी मोठेपणी माती मोजेल, कुणी पाणी, कुणी वारा. जरूर मोजा. मोजू नका असं मी म्हणणार नाही, कारण शेवटी दुसरा नळ अडला तोही वजनानंच. पण ज्याला तोलता त्याच्याकडे कधीतरी सकाळी या. शेजारी कुणाचं घर आहे ते बघा. त्या घरातल्या माणसाला विचारा, तू इथं रोज काय करतेस? आणि कापायचंच असेल, तर कापल्यावर दोन शब्द बोला. ते कुणा म्हातारीवर टाकून जाऊ नका.

आता माझं वजन अगदी खरं असतं. गवत विरळ झालंय. शेळ्या इकडं फिरकत नाहीत, मीठ पावसानं धुऊन गेलं.

सेवजिद मात्र येते. आज सकाळीही आली होती. ओगराळं भरलेलं होतं, त्यातून वाफ निघत होती. फळीपाशी येऊन उभी राहिली, नेहमीच्या जागी. "रागावू नकोस हं," म्हणाली. मग वळली, आणि टेकाडापलीकडे जाऊन चहा तिथल्या जमिनीला दिला.

रागावलोय मी. पण तिच्यावर नाही. मला ते सांगता येत नाही, तुमच्यापैकी कुणी तिकडं गेलंत तर तिला एवढं सांगा.